एक गाडी, पाच सौदे: नवा पिकअप घेताना पैसे कुठे वाचतात आणि कुठे गळतात



मागच्या व्हिडिओत आपण 'स्वतःची गाडी की भाड्याचा टेम्पो' हा हिशोब केला. त्यानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच होता. "सर, गाडी घ्यायचं पक्कं आहे. शोरूममध्ये किती कमी करून मागायचे?"

खरं सांगू? हा प्रश्नच जरा अपुरा आहे. का, ते सांगायला आधी माझीच फजिती सांगतो.

मी तेव्हा खारी, टोस्ट आणि बटर दुकानांना पोचवायचो. दोन वर्षं भाड्याचा टेम्पो वापरला आणि मग ठरवलं, आता स्वतःची गाडी. शोरूममध्ये दीड तास घासाघीस केली. १२ हजार कमी करून घेतले, वर ताडपत्री फुकट. गाडीला हार घातला, नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले. भेटेल त्याला सांगत होतो, "बारा हजार कमी केले त्याला!"

मार्चमध्ये फाइल घेऊन सीएंकडे गेलो. त्यांनी कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, "हा विमा कुणी काढला?" म्हटलं, शोरूमनेच. त्यांनी त्याच गाडीचा दुसरीकडचा दर काढून दाखवला. मी ९ हजार जास्त दिले होते. "हा हँडलिंग चार्ज कसला?" माहीत नाही. साडेआठ हजार. "या ॲक्सेसरीज तुम्ही मागितल्या होत्या?" नाही, गाडीवर आधीच बसवलेल्या होत्या. १४ हजार. "आणि कर्ज ७ टक्के फ्लॅटने?" मी अभिमानाने म्हटलं, हो, फक्त सात टक्के. ते हसले. माझं चालू खातं ज्या बँकेत होतं, ती बँक तेच ५ लाख १० टक्के रिड्युसिंगने देत होती. मी विचारलंच नव्हतं. पाच वर्षांत त्यात साडेसदतीस हजारांचा फरक पडणार होता.

बेरीज करा. ६९ हजार. म्हणजे मी पुढच्या दाराने १२ हजार वाचवले आणि मागच्या दाराने ६९ हजार सोडून दिले. आणि पेढे मीच वाटले!

आजच्या लेखाचा मुद्दा एवढाच आहे: शोरूममध्ये तुम्ही एक गाडी घेता, पण सौदे पाच करता. गाडीची किंमत, कर्ज, विमा, वरचे चार्जेस-ॲक्सेसरीज, आणि जुनी गाडी असेल तर तिचा एक्स्चेंज. हे पाचही एकत्र कालवले की एका ठिकाणी दिलेली सूट दुसऱ्या ठिकाणी वसूल होते आणि आपल्याला कळतही नाही. ते सुटे केले की प्रत्येकात थोडं थोडं वाचतं.

पायरी १: शोरूमला जाण्याआधी वहीची तीन पानं

एक साधी दोनशे पानी वही घ्या. त्यातली पहिली तीन पानं घरी भरायची.

*पहिलं पान: माझा माल.* एका फेरीत किती किलो? रोज किती किलोमीटर? रस्ता घाटाचा, शेतातला की शहरातला? २००५ साली टाटा एस बाजारात आली, लोकांनी तिचं 'छोटा हत्ती' करून टाकलं, आणि छोट्या धंद्याला परवडेल अशी चारचाकी मालगाडी मिळाली. आज त्याच्या आजूबाजूला इन्ट्रा, दोस्त, सुप्रो, सुपर कॅरी, बोलेरो पिकअप अशी रांगच आहे. पाऊण टनाच्या आसपासपासून दीड-पावणेदोन टनांपर्यंत सगळं मिळतं. म्हणूनच घोळ होतो. तुमचा माल ६०० किलो असेल आणि सेल्समनने "साहेब, थोडेच जास्त घाला, मोठी घ्या" म्हणून दीड टनाची गळ्यात मारली, तर तो जादा पैसा कितीही घासाघीस करून भरून निघत नाही. आणखी एक गोष्ट: मालासकट एकूण वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यू ३,००० किलोपर्यंत असेल, तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. मोठी गाडी घेताना हा खर्चही धरा.

*दुसरं पान: माझी मर्यादा.* सगळं मिळून, पासिंग आणि विम्यासकट, मी जास्तीत जास्त किती देणार? आकडा लिहा आणि खाली सही करा. हो, स्वतःच्या वहीत स्वतःची सही. शोरूमच्या एसीत बसलं, समोर चकचकीत गाडी दिसली की आपण आकडे विसरतो. सही बघितली की आठवतात.

त्याच पानावर भाड्याच्या टेम्पोचा हिशोबही मांडा. समजा, आज तुम्ही महिन्याला २० फेऱ्यांचे १,२०० रुपयांप्रमाणे २४ हजार भाडं देता. स्वतःच्या गाडीचा हप्ता १७ हजार, इंधन ९ हजार, विमा-टायर-सर्व्हिसिंगसाठी महिन्याला ५ हजार बाजूला, म्हणजे ३१ हजार. गाडी तुम्ही स्वतः चालवणार, ड्रायव्हरचा पगार धरलेलाच नाही. याचा अर्थ गाडी घेऊ नका असा नाही. फेऱ्या वाढणार असतील, तर जरूर घ्या. पण आज गाडी नाही घेतली तर आभाळ कोसळणार नाही, हे तुम्हाला आकड्यानिशी कळलं. सौद्यात सगळ्यात मोठी ताकद हीच असते. ज्याला उठून जाता येतं, त्यालाच भाव मिळतो.

*तिसरं पान: तीन कोटेशनं.* एकाच कंपनीच्या दोन डीलरची, एक तुमच्या गावचा आणि एक शेजारच्या जिल्ह्यातला. तिसरं दुसऱ्या कंपनीच्या तशाच गाडीचं. तोंडी नाही, छापील आणि सही-शिक्क्याचं. मॉडेल, व्हेरियंट, हौद्याची लांबी, डिझेल की सीएनजी, सगळं सारखं असलं पाहिजे. नाहीतर आंब्याचा भाव फणसाशी लावल्यासारखं होईल.

पायरी २: कोटेशन ओळीओळीने वाचा

कोटेशनच्या खालचा मोठा आकडा बघू नका. एकेक ओळीवर बोट ठेवा आणि प्रत्येक ओळीला विचारा, "तू सरकारची, कंपनीची की डीलरची?"

एक्स-शोरूम किंमत. यात जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे २८ टक्के धरून जी गाडी १० लाखांची होती, तिची मूळ किंमत ७,८१,२५० रुपये. त्यावर १८ टक्के लावले की ९,२१,८७५. हे ७८ हजार कमी झाले ते कर कमी झाल्यामुळे. कुणी जुन्या किमतीशी तुलना करून "बघा, एवढी सूट देतोय" म्हणत असेल, तर शांतपणे सांगा, "ती कराची सूट झाली. तुमची किती?"

इथेच एक मोठी गोष्ट, जी बरेच जण विसरतात. तुमची जीएसटी नोंदणी नियमित पद्धतीची असेल आणि तुम्ही करपात्र माल विकत असाल, तर मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं. प्रवासी कारवर ते सहसा मिळत नाही, मालवाहू गाडीवर मिळतं. वरच्या उदाहरणात ही रक्कम होते १,४०,६२५ रुपये. कुठल्या डीलरने तुम्हाला एवढी सूट दिली असती?

पण अटी नीट वाचा. कंपोझिशन योजनेत असाल, तर क्रेडिट मिळत नाही. फक्त ताजी भाजी किंवा सुटं दूध असा करमुक्त माल विकत असाल, तरी नाही. हे पैसे रोख हातात येत नाहीत, तुमच्या विक्रीवरच्या करातून वळते होतात. आणि ज्या कराचं क्रेडिट घेतलं, त्या रकमेवर पुन्हा घसारा घेता येत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बिल धंद्याच्या नावाने आणि तुमच्या जीएसटी क्रमांकासह हवं. बुकिंगच्या दिवशीच हे सांगा. बिल एकदा निघालं की दुरुस्तीसाठी शोरूमचे उंबरे झिजवावे लागतात.

वाहन कर आणि नोंदणी फी. हे सरकारचे. इथे घासाघीस नाही. पण कोटेशनमधला आकडा आणि सरकारी पावतीवरचा आकडा सारखाच असला पाहिजे. आधीच सांगून ठेवा, "पावत्या मला लागतील." एवढं वाक्य ऐकून बऱ्याचदा कोटेशनमधला 'आरटीओ खर्च' आपोआप कमी होतो!

टीसीएस. गाडी १० लाखांच्या वर असेल, तर १ टक्का टीसीएसची ओळ दिसेल. हा खर्च नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो आणि प्राप्तिकराचं रिटर्न भरताना वळता होतो. पॅन क्रमांक बरोबर आहे ना, एवढं बघा.

विमा. यात दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखा. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र कंपनीगणिक बदलतो. खेळ तिथे आहे. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती डीलरला करता येत नाही. बाहेरून दोन कोटेशनं घ्या. तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर मिळणारी कमाल रक्कम, सारखी ठेवा. झीरो डेप्रिसिएशनसारखी जादा कलमंही सारखी ठेवा. आयडीव्ही कमी दाखवून हप्ता कमी केलेला विमा स्वस्त नसतो, तो अपुरा असतो. बाहेरचं कोटेशन दाखवल्यावर डीलरने तोच दर दिला, तर खुशाल त्याच्याकडून घ्या.

हँडलिंग, लॉजिस्टिक, फाइल चार्ज. नावं अनेक, पण यातला एकही सरकारी कर नाही. विचारा, "हे कशाचे? याची पावती कुणाच्या नावाची?" आणि पेन पुढे करा, "ही ओळ खोडा." इथे संकोच करायचा नाही.

नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीनेच द्यायची असते आणि तिचा खर्च गाडीच्या किमतीतच असतो. वेगळे पैसे लावले असतील, तर तीही ओळ खोडा.

ॲक्सेसरीज, जादा वॉरंटी, सर्व्हिस पॅकेज. यात काही गोष्टी खरंच कामाच्या असतात. जादा वॉरंटी घाटात रोज चालणाऱ्या गाडीला उपयोगी पडू शकते. पण ती तुम्ही निवडलेली असावी, गाडीवर आधीच चिकटवलेली नसावी. हौद्याचं मॅटिंग, फाळक्याची साखळी, ताडपत्री, वरचा लोखंडी सांगाडा यांचे भाव बाहेरच्या बॉडीवाल्याकडे आधी विचारून ठेवा.

पायरी ३: टेबलावर बसल्यावर

आमच्या वर्गात आम्ही हा प्रसंग दोघा-दोघांना करायला लावतो. एक सेल्समन, एक ग्राहक. मागच्या बॅचमध्ये खाकरा आणि चिवडा बनवणाऱ्या एका ताईंनी तो इतका छान केला की जसाच्या तसा देतो.

"ताई, महिन्याला किती हप्ता झेपेल? त्यात बसवून देतो."

"दादा, हप्त्याचं नंतर बोलू. आधी एक्स-शोरूम किंमत आणि त्यात तुम्ही किती सोडता, एवढंच लिहा."

"सोडायला काहीच नाही हो. कंपनीचा फिक्स रेट आहे. ताडपत्री आणि मॅटिंग फ्री देतो."

"फ्री वस्तू नकोत. त्याचे जे पैसे होतात, ते किमतीतून कमी करा."

"बरं, आठ हजार करतो. पण आज बुक केलं तरच."

ताई गप्प. वहीत '८' लिहिलं. चांगली अर्धी मिनिट काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शेजारच्या जिल्ह्यातल्या डीलरने पंधरा लिहून दिलेत, हे बघा कोटेशन. पण सर्व्हिसिंगला तुम्ही जवळ पडता, म्हणून मला गाडी तुमच्याकडूनच घ्यायची आहे. तुम्ही काय करू शकता?"

"मॅनेजरना विचारावं लागेल."

"विचारा की. मी चहा घेते तोवर."

वर्गात टाळ्या पडल्या. ताईंनी काय केलं ते बघा.

- हप्त्याचा प्रश्न बाजूला ठेवला. 'हप्ता किती झेपेल' या एका प्रश्नात किंमत, व्याज, विमा आणि मुदत सगळं कालवलं जातं. हप्ता पाचशेने कमी करायला मुदत वर्षाने वाढवली की झालं. सेल्समनही खूश, आपणही खूश, आणि व्याज दुप्पट वेगाने धावतंय.
- फुकट वस्तूंचं रुपयांत रूपांतर केलं.
- 'आजच' या शब्दाला घाबरल्या नाहीत. आज मिळणारा भाव बहुतेक वेळा उद्याही मिळतो.
- आकडा ऐकल्यावर गप्प बसल्या. आपल्याला शांतता सोसत नाही, आपण लगेच "बरं चला, दहा करा" म्हणून स्वतःचाच भाव पाडतो.
- खरं कोटेशन दाखवलं. थाप मारली नाही. डीलरना एकमेकांचे भाव माहीत असतात. खोटं पकडलं गेलं की पुढचं सगळं बोलणं फुकट.
- आणि मानाने बोलल्या. सेल्समन आपला शत्रू नाही. त्याला महिन्याचं टार्गेट आहे, घरी त्याचीही मुलंबाळं आहेत. त्याला "तुम्ही काय करू शकता?" असं विचारलं की तो मॅनेजरशी आपल्या बाजूने भांडतो.

भाव ठरला की एकच मागणी: "शेवटची ऑन-रोड रक्कम, एकेका ओळीसकट, सही-शिक्क्याने लिहून द्या." त्यानंतरच टोकन. टोकन शोरूमच्या खात्यावर, चेकने किंवा यूपीआयने. सेल्समनच्या वैयक्तिक नंबरवर नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. बुकिंग रद्द केलं तर किती परत मिळणार, हेही पावतीवर लिहून घ्या.

पायरी ४: कर्ज वेगळं, किंमत वेगळी

आता सगळ्यात महागडी चूक. माझीच.

समजा ८ लाखांचं कर्ज आहे, पाच वर्षांसाठी. शोरूममधला फायनान्सवाला म्हणतो, "सर, फक्त ७ टक्के." हे ७ टक्के *फ्लॅट* असतील, तर हिशोब असा होतो: ८ लाखांवर वर्षाला ५६ हजार, पाच वर्षांचे २ लाख ८० हजार. एकूण १० लाख ८० हजार भागिले ६०. हप्ता १८,००० रुपये.

पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय. शेवटच्या वर्षी तुमच्याकडे ८ लाख नसतातच, तरी व्याज पूर्ण ८ लाखांवर चालू आहे! शिल्लक मुद्दलावर, म्हणजे रिड्युसिंग पद्धतीने बघितलं, तर हाच १८,००० चा हप्ता जवळजवळ १२.५ टक्के दराचा आहे. तुमची बँक १० टक्के रिड्युसिंगने देत असेल, तर हप्ता येतो साधारण १७,०००. ऐकायला १० हा ७ पेक्षा मोठा आकडा, पण खिशातून महिन्याला हजार रुपये कमी. पाच वर्षांत ६० हजार.

म्हणून हे करा. शोरूमला जाण्याआधी आपल्या बँकेकडून किंवा पतसंस्थेकडून कर्जाचा दर लिहून आणा, जमलं तर मंजुरीपत्रच आणा. मग डीलरच्या फायनान्सवाल्याला सांगा, "यापेक्षा कमी देत असाल, तर बोला." डीलरला अनेकदा कर्जावर आणि विम्यावर कमिशन मिळतं, त्यामुळे तिथे कमी करायला जागा असते. आणि '७ टक्के' की '१० टक्के' असा वाद घालत बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ आणि लघुउद्योग कर्जासोबत 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो. व्याज, प्रोसेसिंग फी असं सगळं धरून वर्षाला खरा खर्च किती, ते तो सांगतो. दोन कर्जांचे एपीआर शेजारी ठेवा, विषय संपला.

पायरी ५: जुनी गाडी सगळ्यात शेवटी

जुना टेम्पो किंवा तीनचाकी द्यायची असेल, तर नव्या गाडीचा भाव लिहून हातात येईपर्यंत तिचं नावही काढू नका. आधी काढलं, तर जुनीचे १० हजार जास्त दाखवून नवीची सूट तेवढीच कमी केली जाते. बाजारात दोन ठिकाणी जुनीचा भाव विचारून या, मग डीलरचा आकडा ऐका.

आणि एक सावधगिरी. जुनी गाडी दिली म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर चलन आणि अपघाताची नोटीस तुमच्याच दारात येणार. फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी बदलली का, याचा पाठपुरावा करा. गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती जपून ठेवा.

मुहूर्त कशाचा बघायचा?

आपल्याकडे गाडी दसऱ्याला किंवा पाडव्याला घरी आली पाहिजे. ती भावना मलाही आहे. पण विचार करा, ज्या दिवशी शोरूमबाहेर हार घेऊन रांग लागलेली असते, त्या दिवशी डीलर तुम्हाला सूट कशाला देईल? मुहूर्त डिलिव्हरीचा बघा, सौद्याचा नको. सौदा तीन-चार आठवडे आधी, शक्यतो महिनाअखेरीला करा, जेव्हा सेल्समनचं टार्गेट दोन-तीन गाड्यांवर अडलेलं असतं. डिलिव्हरीची तारीख सणाची लिहून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत घेताना गाडी कुठल्या वर्षी बनलेली आहे ते बघा. मागच्या वर्षी बनलेली गाडी विकताना पुढे एक वर्ष जुनी धरली जाते. म्हणजे तिला सूटही तशीच हवी. बनल्याचा महिना आणि वर्ष फॉर्म २१ वर, म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. पैसे भरण्याआधी चेसी नंबरसकट ते विचारा.

शिवाय घसारा. धंद्यात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या गाडीवर त्या आर्थिक वर्षात निम्माच घसारा मिळतो. "मार्च संपायच्या आत गाडी घ्या, कर वाचेल" असं कुणी सांगितलं, तर आधी सीएंना विचारा, किती वाचेल?

कुठे ताणू नये

ताणायचं किती, हेही कळलं पाहिजे. हजार-दोन हजारांसाठी गावातला, चांगल्या वर्कशॉपचा डीलर सोडून ९० किलोमीटरवरून गाडी आणू नका. पहिल्या सर्व्हिसिंगला अख्खा दिवस गेला की ते पैसे तिथेच फिटतात. विम्याचा हप्ता कमी करायला संरक्षण कापू नका. आणि "बिल कमी दाखवू, बाकी रोख द्या" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. जीएसटी क्रेडिट, विमा, कर्ज, तिन्ही त्या बिलावर उभे असतात.

माझी दुसरी गाडी

चार वर्षांनी धंदा वाढला, दुसरा पिकअप घ्यायचा होता. या वेळी वही सोबत होती. पहिल्या दिवशी सव्वा तास बोललो आणि आकडा माझ्या सहीच्या वर गेला म्हणून उठून आलो. पाय जड झाले होते, खोटं नाही सांगत. बायको म्हणाली, "हातची गाडी घालवलीत." तीन दिवसांनी महिना संपत असताना फोन आला, "साहेब, या एकदा." किमतीत १८ हजार सुटले. मागच्यापेक्षा फक्त सहा हजार जास्त! पण हँडलिंगची ओळ खोडली गेली, ॲक्सेसरीज मी माझ्या बॉडीवाल्याकडून करून घेतल्या, विमा बाहेरचा, कर्ज माझ्या बँकेचं. खरा फरक तिथे पडला. त्या वाचलेल्या पैशांतून मी मालासाठी प्लास्टिकचे क्रेट घेतले. टोस्टचा चुरा होणं थांबलं, दुकानदारांची परतीची रद्दी कमी झाली.

सूट मिळाली म्हणून मिरवायला मजा येते. पण धंद्यात राहतो तो पैसा, जो मिरवता येत नाही.

आजचं होमवर्क

१. वहीची तीन पानं भरा: माल, मर्यादा, कोटेशनं.
२. आपल्या बँकेकडून कर्जाचा दर आणि एपीआर लिहून आणा.
३. बाहेरून विम्याची दोन कोटेशनं, आयडीव्ही सारखी ठेवून.
४. सीएंना दोन प्रश्न: मला जीएसटी क्रेडिट मिळेल का? घसारा किती?
५. घरातल्या कुणालातरी सेल्समन करा आणि आकडा ऐकल्यावर अर्धा मिनिट गप्प बसायचा सराव करा. हसू नका, सगळ्यात अवघड हेच आहे!

पुढच्या व्हिडिओत बघू, गाडी दारात आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तिचा प्रति किलोमीटर खर्च कसा लिहायचा. तोवर वही उघडा आणि सौदे सुटे करा. आणि पेढे बेरीज झाल्यावरच वाटा!